उसना कोट : चित्रपटातला तोतया कसा बघावा

न्यूयॉर्कमध्ये एका गच्चीवर पार्टी चालली आहे. एक तरुण पियानोवर साथ करतोय. अंगात प्रिन्स्टन विद्यापीठाचं बोधचिन्ह असलेला कोट. कोट त्याचा नाही, ज्याच्या ऐवजी तो वाजवायला आला त्याचा आहे. गाणं संपल्यावर एक बडे जहाजबांधणी कारखानदार पुढे येतात, कोटाकडे बघतात आणि म्हणतात, तुम्ही प्रिन्स्टनचे, म्हणजे आमच्या डिकीला ओळखत असाल. तरुण अर्धा क्षण थांबतो आणि विचारतो, ‘‘डिकी कसा आहे?’’

या वाक्यात खोटं काहीच नाही. साधा प्रश्न आहे, आणि कोणीही कोणाचीही खुशाली विचारू शकतो. पण तो ऐकून कारखानदार तरुणाला आपल्या मुलाला, डिकीला, इटलीतून परत आणायला पाठवतात, आणि या एका प्रश्नातून पुढे तीन खून निघतात.

हा १९९९ सालचा ‘द टॅलेन्टेड मिस्टर रिप्ली’. दिग्दर्शक अँथनी मिंघेला, टॉम रिप्लीच्या भूमिकेत मॅट डेमन, डिकी ग्रीनलीफच्या भूमिकेत ज्यूड लॉ. मूळ कादंबरी पॅट्रिशिया हायस्मिथची, १९५५ सालची. गुन्हेपट आवडीने बघणारे, पण ‘खून कोणी केला’च्या पुढे जाऊन ‘त्याच्या मनात नेमकं काय चाललं होतं’ याकडे नुकतेच वळलेले जे कोणी असतील त्यांच्यासाठी हा लेख आहे. हा चित्रपट मी बऱ्याच जणांना दाखवला. बाहेर पडताना हमखास कानावर येणारं वाक्य म्हणजे ‘‘सायकोच होता राव.’’ एकदा तसं म्हटलं की विचार तिथेच थांबतो. म्हणून माझी पहिली अट अशी की पुढचे काही दिवस ‘सायको’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही.

दुसरी सूचना : इथून पुढे सगळी कथा फोडलेली आहे. पाहिला नसेल तर आधी पाहून या. १३९ मिनिटांचा आहे.

पायरी १ : पहिल्यांदा बघताना फक्त एक वेळ टिपा

पहिल्यांदा बघताना वही-पेन बाजूला ठेवा. मध्ये थांबवू नका, चहाला उठू नका. एवढंच करा : ‘हा पकडला जाऊ नये’ असं तुम्हाला पहिल्यांदा ज्या क्षणी वाटलं, तेव्हा घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा.

खोटं सांगू नका, तसं वाटतंच. बहुतेकांच्या बाबतीत हा क्षण रोममध्ये येतो. टॉम डिकी बनून भाड्याच्या घरात राहतोय आणि डिकीचा मित्र फ्रेडी माइल्स दारात उभा राहतो. ही भूमिका फिलिप सीमोर हॉफमनने केली आहे आणि इतकी झकास केली आहे की त्याच्या चालण्याचासुद्धा राग येतो. तो घरभर फिरतो, वस्तू उचलून बघतो, पियानोच्या पट्ट्या उगाच दाबतो. मग निघतो, जिना उतरतो, आणि खाली घरमालकीण त्याच्याशी बोलते. तिच्या लेखी वर राहणारा माणूस म्हणजे सिन्योर ग्रीनलीफ. आपण वर, टॉमच्या बाजूला. खालून पावलांचा आवाज पुन्हा वर येऊ लागतो आणि आपल्या पोटात गोळा येतो.

आता शांतपणे विचार करा. अख्ख्या चित्रपटात खरं काय ते सर्वांत आधी कोणी ओळखलं? फ्रेडीने. मित्राची काळजी करत शोधत कोण आला? फ्रेडी. आणि त्याने लवकर टळावं असं आपल्याला वाटत होतं. टॉमचं मन समजून घेण्याची वाट इथूनच सुरू होते, कारण त्याच्या मनाचा एक तुकडा आपल्यात शिरलेला आहे हे इथे पुराव्यानिशी कळतं. घड्याळातली वेळ तुम्हीच लिहिली आहे.

पायरी २ : शब्द नीट वापरा

मराठीत या भावनेसाठी शब्दांची ददात नाही. हेवा, मत्सर, असूया, जळफळाट, पोटदुखी. रोजच्या बोलण्यात आपण ते एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. चित्रपट बघताना ते वेगळे ठेवले तर फार उपयोग होतो.

हेवा म्हणजे त्याच्याकडे आहे ते मलाही हवं. मत्सरात पुढची पायरी आहे, त्याच्याकडे आहे हेच सहन होत नाही. असूयेची व्याख्या अमरकोशातच दिली आहे : गुणांवरसुद्धा दोष लादणं. शेजाऱ्याच्या मुलाला चांगली नोकरी लागल्यावर ‘वशिला असणार’ असं पुटपुटणं ही शुद्ध असूया.

आता टॉमकडे या. तो डिकीत दोष काढतो का? जवळजवळ कधीच नाही. डिकी आळशी आहे, बापाच्या पैशावर इटलीत मजा मारतोय, गावातल्या मुलीला दिवस गेल्यावर तिला वाऱ्यावर सोडतो. हे सगळं टॉमच्या डोळ्यांसमोर घडतं. तरी तो डिकीला कमी लेखत नाही, उलट सांभाळून घेतो. म्हणजे असूया नाही. हेवा आहे, पण त्याचा घोट इतका मोठा की ‘त्याच्याकडे आहे ते मला हवं’ असं न वाटता ‘तो जो आहे तो मी व्हावं’ असं वाटतं. या भावनेला मराठीत एकच नेमका शब्द मला सापडलेला नाही. तिच्या पोटी जन्मणाऱ्या माणसाला मात्र आहे : तोतया.

तो शब्द आपल्याला इतिहासातून ओळखीचा आहे. पानिपतावर १७६१ मध्ये सदाशिवरावभाऊ पडले, पण ते गेले यावर अनेकांचा विश्वास बसेना. पुढे ‘मीच भाऊ’ म्हणत एक जण उभा राहिला, कोकणात बंड झालं, आणि १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहदंड मिळाला. त्या तोतयाकडे आपण पुढे परत येणार आहोत, कारण टॉमबद्दलची एक गोष्ट त्याच्यामुळेच मला पहिल्यांदा उमगली.

पायरी ३ : न खोडलेल्या चुका मोजा

आता दुसऱ्यांदा लावा. या वेळी वही घ्या आणि पानाचे दोन भाग करा. एका बाजूला टॉम स्वतःहून बोललेलं खोटं. दुसऱ्या बाजूला समोरच्याने केलेली आणि टॉमने न खोडलेली चूक. नवख्या माणसाला वाटतं पहिला रकाना भरून वाहील. दुसऱ्या रकान्याकडे नजर ठेवा.

कोटाचा प्रसंग दुसऱ्या रकान्यात. पुढचा महत्त्वाचा प्रसंग खुनानंतरचा. सॅन रेमोला होडीत डिकीचा जीव घेऊन टॉम भिजलेला, थरथरत हॉटेलात परततो. किल्ली मागतो, तर काउंटरवरचा माणूस त्यालाच सिन्योर ग्रीनलीफ समजतो. टॉम ‘नाही’ म्हणायला तोंड उघडतो आणि थांबतो. इथे चित्र थांबवा. डेमनच्या चेहऱ्यावर हाव दिसत नाही. रस्त्यात पडलेलं पाकीट दिसल्यावर माणूस जसा क्षणभर आजूबाजूला बघतो, तसं काहीतरी दिसतं. डिकी म्हणून जगण्याची कल्पना त्याला बाहेरून मिळते. कोणीतरी ते नाव त्याच्या हातात ठेवतं आणि तो ते परत करत नाही.

पहिल्या रकान्यातही एक मासला आहे, तोही बघून ठेवा. इटलीच्या बंदरात उतरल्याबरोबर मेरेडिथ नावाची श्रीमंत अमेरिकन मुलगी (केट ब्लँचेट) त्याच्याशी बोलू लागते आणि तो चट्कन आपलं नाव डिकी ग्रीनलीफ सांगतो. अजून खऱ्या डिकीला तो भेटलेलाही नाही! खोट्याची गरज नाही, फायदा नाही, पूर्वतयारी नाही. सामान ‘आर’ अक्षराखाली का, असं तिने विचारल्यावर तो म्हणतो, आईच्या नावाने प्रवास करतो. आणि मग कळतं की ती खरोखरच आईच्या नावाने प्रवास करतेय, घराण्याच्या श्रीमंतीचा ताप नको म्हणून. बघा कसं आहे ते. जिच्याकडे नाव आहे ती गंमत म्हणून ते उतरवून ठेवते, आणि ज्याच्याकडे नाही तो दुसऱ्याचं पांघरतो. मेरेडिथ मूळ कादंबरीत नाहीच. मिंघेलाने ती नव्याने घातली, आणि माझ्या मते पटकथेतला हा सर्वांत हुशार बदल.

न खोडलेली चूक किती गोड लागते याचा मला स्वतःला अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या आजोबांनी मला ‘‘डॉक्टर, जरा बघता का?’’ म्हणत गुडघा दाखवला. त्यांना कोणीतरी चुकीचं सांगितलं असावं. मी ‘मी डॉक्टर नाही’ म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, ‘‘सूज सकाळी जास्त असते का?’’ जिलबी संपेपर्यंत मी डॉक्टर होतो. कोणी पकडलं नाही. पैशाचा व्यवहार झाला नाही. पण त्या पंधरा मिनिटांत आजोबा ज्या नजरेने माझ्याकडे बघत होते, तसं त्याआधी त्या लग्नात कोणीच बघितलं नव्हतं. घरी जाताना रिक्षात मला त्या नजरेची आठवण येत राहिली, आणि लाजही वाटत राहिली. तुमच्याकडे असा एखादा प्रसंग असणारच. तो वहीच्या शेवटच्या पानावर लिहा, कोणाला दाखवू नका. टॉमला समजून घ्यायला तो कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त कामी येईल.

पायरी ४ : चेहऱ्याऐवजी वस्तू बघा

या पायरीला वेळ द्या, खरा माल इथे आहे.

चित्रपटाच्या सुरुवातीला टॉम नाट्यगृहाच्या स्वच्छतागृहात नोकर आहे. येणाऱ्या बड्या लोकांच्या कोटावरचा कोंडा ब्रशने झटकणं हे त्याचं काम. म्हणजे श्रीमंतांचे कपडे त्याने अगदी जवळून, पण नेहमी मागच्या बाजूने पाहिलेले आहेत. सगळे निघून गेल्यावर तो रिकाम्या रंगमंचावरच्या पियानोवर बसतो, आणि रखवालदार आला की ओशाळून उठतो.

मग इटली. गाव मोंजिबेल्लो, काल्पनिक आहे. चित्रीकरण नेपल्सजवळच्या इस्किया आणि प्रोचिदा बेटांवर झालं. समुद्रकिनाऱ्यावर सगळे उन्हाने तांबूस झालेले, आणि त्यांच्यात आपला टॉम पांढराफटक, पोपटी रंगाच्या तोकड्या चड्डीत, पायांत बूट. डिकी त्याच्या गोरेपणाची थट्टा करतो. एकही संवाद नसता तरी या एका फ्रेममध्ये दोघांतलं अंतर कळलं असतं. त्वचेचा रंगसुद्धा इथे सुट्टी परवडण्याची पावती आहे.

नंतर कॉर्डरॉयचा कोट. टॉमकडे एकच आहे आणि डिकी त्याला हसतो. नवा घेऊन देण्याची भाषाही होते. पण रोममध्ये फ्रेडी उगवतो आणि टॉम बाजूला पडतो. रेकॉर्डच्या दुकानात डिकी आणि फ्रेडी काचेच्या छोट्या खोलीत गाणी ऐकतायत आणि टॉम काचेबाहेर उभा आहे. आवाज आत, टॉम बाहेर. डिकी त्याला वाटेला लावतो, तेही किती सहज! डिकी दुष्ट नाही, हे लक्षात घ्या. त्याचं लक्ष दुसरीकडे गेलं, इतकंच. त्याची मैत्रीण मार्ज (ग्विनेथ पॅल्ट्रो) टॉमला नंतर हेच समजावते : डिकीचं लक्ष तुमच्यावर असतं तेव्हा ऊन अंगावर पडल्यासारखं वाटतं, आणि ते सरकलं की हुडहुडी भरते.

आता या उन्हाची सवय लागलेल्या माणसाच्या हातात डिकीचे पैसे आले. तो काय विकत घेतो? इथे नवशिके चुकतात. त्यांना वाटतं, तो डिकीसारखा जगू लागला. रोमच्या घराकडे नीट बघा. पियानो आहे, संगमरवरी डोकी आहेत, सगळं जागच्या जागी, जपून मांडलेलं. डिकीचं घर असं नव्हतं. डिकी वस्तू कुठेही टाकायचा, कारण त्याला वस्तूंची किंमत कधी कळावीच लागली नाही. फ्रेडी घरात शिरताच नेमकं हेच पकडतो. हे घर डिकीचं वाटतच नाही, फार मध्यमवर्गीय आहे, असं तो म्हणतो. म्हणजे टॉम डिकी झालाच नाही. टॉमच्या कल्पनेत श्रीमंत माणूस जसा असायला हवा तसा तो झाला. सही जमली, आवाज जमला, केसांचा भांग जमला. बेफिकिरी जमली नाही, कारण ती शिकून येत नसते.

आपल्याकडे नवश्रीमंतांच्या दिवाणखान्यातल्या सोफ्यावरचं प्लास्टिक वर्षानुवर्षं निघत नाही, तसंच हे. फ्रेडीचा जीव त्या नजरेने घेतला असं मला वाटतं. ‘तू खुनी आहेस’ असं तो म्हणालाच नव्हता. ‘तू आमच्यातला नाहीस’ असं म्हणाला होता. टॉमने ज्याने मारलं ते हत्यार कोणतं? त्याच घरात हौसेने आणून ठेवलेलं संगमरवरी डोकं.

अंगठ्या आणि चष्मा यांची मी फक्त आठवण करून देतो, त्या तुम्हीच शोधा. चष्मा कधी चढतो, कधी उतरतो याची यादी केलीत तर दहा मिनिटांत पान भरेल.

पायरी ५ : कान उघडे ठेवा

कादंबरीतला डिकी चित्रं काढतो, आणि वाईट काढतो. मिंघेलाने ते काढून संगीत आणलं. डिकी जॅझचा वेडा, सॅक्सोफोन वाजवणारा. टॉमचं मन अभिजात पाश्चात्य संगीतात. म्हणजे जॅझ ही त्याच्यासाठी परीक्षा आहे. निघण्यापूर्वी तो रेकॉर्डी लावून कलावंत ओळखण्याचा सराव करतो, आणि चेट बेकरचा आवाज ऐकून गाणारा पुरुष की बाई हे त्याला कळत नाही. पुढे तो डिकीसमोर ‘चुकून’ पिशवीतल्या जॅझ रेकॉर्डी सांडतो. गळाला आमिष लावावं तसं. मासा लागतो.

त्यानंतर नेपल्सच्या क्लबात दोघं एक गाणं गातात, रेनातो कारोसोनेचं, १९५६ सालचं. इटलीत जन्मून अमेरिकन असल्याचा आव आणणाऱ्या पोराची टिंगल करणारं गाणं आहे ते. तोतया स्वतःवरचंच टिंगलगीत सगळ्यांसमोर जल्लोषात गातोय, आणि तो त्याच्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा क्षण असावा असं त्याचा चेहरा सांगतो. पुढे रोमच्या ऑपेरात चायकोव्हस्कीचं ‘येवगेनी ओनेगिन’ चालू असताना रंगमंचावर मित्राच्या हातून मित्र मरतो, तेव्हा टॉमचे डोळे भरतात. हे दोन प्रसंग पाठोपाठ लावून बघा.

पायरी ६ : होडीतला प्रसंग तीनदा बघा

पहिल्यांदा आवाज बंद करून. दुसऱ्यांदा चित्राकडे पाठ करून, फक्त ऐकत. तिसऱ्यांदा नेहमीसारखा.

आवाज बंद असताना लक्षात येतं की एकमेकांवर तुटून पडणं दोन्हीकडून आहे आणि टॉम खूप वेळ घाबरलेला आहे. फक्त ऐकताना उलटं लक्षात येतं. डिकी त्याला कंटाळवाणा म्हणतो, बांडगूळ म्हणतो. टॉमला लागतं ते ‘कंटाळवाणा’. बांडगूळ म्हटलं तर निदान चिकटण्याइतकं महत्त्व तरी मिळतं. आणि खुनानंतर टॉम होडीत डिकीच्या शेजारी, त्याला बिलगून पडून राहतो. पळत नाही, लगेच काही लपवत नाही. नुसता पडून राहतो.

इथे तुलना केली तर खूप शिकायला मिळतं. कादंबरीत टॉम सॅन रेमोच्या गाडीत बसलेला असतानाच खुनाचा बेत करतो, थंड डोक्याने. याच कादंबरीवरच्या, रने क्लेमाँच्या १९६० सालच्या फ्रेंच चित्रपटात (आलाँ दलाँची भूमिका, बघाच) दोघं होडीवर पत्ते खेळत ‘तू मला कसा मारशील’ याची चर्चा करतात आणि खेळता खेळता सुरा बाहेर येतो. त्या टॉमला पैसा हवा आहे, होडी हवी आहे आणि मार्जही हवी आहे. मिंघेलाच्या टॉमला यातलं काहीच पहिल्या जागी नको आहे. त्याला डिकीने आपल्याकडे बघत राहायला हवं आहे. कथा तीच, मृतदेह तोच, आणि तीन वेगळी मनं. महत्त्वाकांक्षा हा एकच शब्द तिघांनाही लावलात तर कोणाबद्दलच काही कळणार नाही.

पायरी ७ : विश्वास ठेवणाऱ्यांची चौकशी करा

आता त्या पेशवाईतल्या तोतयाकडे. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी पती गेल्याचं मानलंच नाही. सौभाग्यचिन्हं उतरवली नाहीत. भाऊ परत यावेत असं मनापासून वाटणारे लोक दरबारातही होते, बाहेरही होते. तोतयाला नुसता चेहरा जुळवायचा होता, बाकीची जागा लोकांनी स्वतःच मोकळी ठेवलेली होती.

टॉमचंही तसंच आहे. डिकीच्या वडिलांना मुलगा परत हवा आहे, आणि तो मिळणार नसेल तर निदान समजूतदार मुलासारखा कोणीतरी. मेरेडिथला श्रीमंत असूनही साधा असलेला प्रियकर हवा आहे. इटालियन पोलिसांना एक डिकी ग्रीनलीफ हवा आहे, मग तो कोणीही असो. टॉम प्रत्येकाला त्याचं त्याचं हवं ते देतो. मार्ज आणि फ्रेडी या दोघांनाच डिकी जसा होता तसा हवा आहे, म्हणून त्यांनाच संशय येतो. मार्ज अंगठ्या सापडल्यावर उघड ओरडून सांगते, आणि डिकीचे वडील तिला ऐकवतात की बायकांची अंतःप्रेरणा वेगळी आणि वस्तुस्थिती वेगळी. खरं बोलणाऱ्या बाईला वेडी ठरवून तोतयाच्या नावावर मुलाच्या उत्पन्नातला मोठा हिस्सा करून दिला जातो! वडिलांनी नेमलेल्या गुप्तहेराने डिकीचा भूतकाळ उकरला आहे, कॉलेजात त्याने एकाला बेदम मारलं होतं. म्हणून वडिलांना मुलगाच दोषी वाटतो. घराण्याची अब्रू झाकायची म्हणून खोट्याला दार उघडं राहतं. या भागात कोण काय झाकतंय याची यादी करा. टॉमचं नाव त्या यादीत सर्वांत वर येणार नाही.

पायरी ८ : मानसशास्त्राची पुस्तकं सांभाळून उघडा

फार लांबण लावत नाही. हेलेन डॉइच या मनोविश्लेषकेने तोतयांवरचा निबंध १९५५ मध्येच प्रसिद्ध केला, म्हणजे हायस्मिथची कादंबरी आली त्याच वर्षी. स्वतःच्या नावाने जगताना तुच्छ वाटणारा माणूस दुसऱ्याच्या नावाआड आपल्या मनातली मोठी प्रतिमा खरी करू बघतो, हा त्यातला धागा टॉमला लागू पडतो. आजकाल ज्याला ‘इम्पोस्टर सिंड्रोम’ म्हणतात ते मात्र नेमकं उलटं आहे. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८ मध्ये त्याचं वर्णन केलं : खरोखर कर्तबगार माणसाला आतून आपण तोतया आहोत असं वाटणं. टॉम खरा तोतया आहे आणि त्याला आपण डिकीच आहोत असं वाटण्याची भूक आहे. दोन्ही एकत्र करू नका, भले भले करतात.

आणखी एक सावधगिरी. टॉमचं डिकीवर प्रेम आहे, हे चित्रपट लपवत नाही. काळ १९५८ चा आहे, ते बोलून दाखवण्याची सोय नाही. पण ‘समलिंगी म्हणून खुनी’ असा सोपा सांधा जोडू नका. त्याच चित्रपटात पीटर स्मिथ-किंग्जली आहे, तोही टॉमवर प्रेम करतो, आणि तो या कथेतला सर्वांत निर्मळ माणूस आहे. टॉमला घातक ठरते ती सगळंच दडवायची सवय. त्यात ते प्रेमही आलं.

पायरी ९ : शेवट, आवाज वाढवून

टॉम एकदा पीटरला सांगतो, आपण भूतकाळ तळघरात कोंबतो, कुलूप लावतो, आणि मग कोणी भेटलं की वाटतं किल्ली त्याच्या हातात द्यावी. पण आत सगळं भयानक आहे, म्हणून देता येत नाही. शेवटी ग्रीसला निघालेल्या जहाजावर दोघं आहेत. टॉमला पैसा मिळालेला आहे, स्वतःचं नाव परत मिळालेलं आहे, आणि नुसत्या टॉमवर प्रेम करणारा माणूसही शेजारी आहे. सगळं हाती आलं. आणि डेकवर मेरेडिथ दिसते. ती त्याला डिकी म्हणून ओळखते, तिच्यासोबत सगळा गोतावळा, आणि ती पीटरलाही ओळखते. एकाच बोटीवर एक माणूस दोन नावांनी राहू शकत नाही. तिला गप्प करणं शक्य नाही, म्हणून पीटर.

टॉम त्याला म्हणतो, माझ्याबद्दल चांगलं काहीतरी सांग. पीटर सांगू लागतो. टॉम हुशार आहे, हळवा आहे, सुंदर आहे. प्रत्येक वाक्यात तो ‘टॉम’ हे नाव घेतो. बाहेरून दिलेलं नाव सुरुवातीला हॉटेलच्या काउंटरवर मिळालं होतं, आणि खरं नाव आता या खोलीत मिळतंय. ते घेणारा आवाज त्याच्याच हाताखाली थांबतो.

हा खून पडद्यावर दिसत नाही. आपल्याला दिसतो तो आपल्या खोलीत एकटा बसलेला टॉम, आणि वरून मघाचा आवाज. जहाज डुलतं तसं आरशाच्या कपाटाचं दार उघडझाप करतंय. हेडफोन लावून ही शेवटची दोन मिनिटं ऐका आणि वहीचं पहिलं पान उघडा, जिथे तुम्ही घड्याळातली वेळ लिहिली होती. आता तिच्या शेजारी दुसरी वेळ लिहा : पकडला गेला असता तर बरं झालं असतं, असं तुम्हाला कधी वाटलं. काही जणांची ही जागा कोरीच राहते.